गोदाक्काला नीट मारायचं

२ सप्टेंबर, मंगळवार. पिंप्राळा, जळगाव

सुनंदाबाई मालिका सोडतायत. चॅनलच्या पुनमने आज व्हिडिओ कॉलवर सांगितलं आणि त्याच दमात म्हणाली की त्यांच्या गोदाक्काला दिवाळीच्या आत मोकळं करू या, ऐन दिवाळीत घरात सुतक दिसायला नको. मोकळं करू या म्हणजे मारू या. मारणं हा शब्द या लोकांच्या तोंडातून निघत नाही, लिहिणारी म्हणून ते काम माझ्याकडे. कॉलनीच्या गणपतीचा स्पीकर इतक्या जोरात चालू होता की मला तिला परत विचारावं लागलं, आणि गोदाक्काचं मरण मी दोनदा ऐकलं.

सुनंदाबाईंना दोष देणार नाही. दोंडाईच्याची बाई, जन्मभर खानदेशातली नाटकं अंगावर घेतली, आता गुडघे साथ देत नाहीत. शूटिंग सुरू झालं की कधी संपेल त्याचा नेम नसतो. त्यांना पुण्याला नातीकडे जायचंय, जाऊ दे बापडी. पण गोदाक्का गेली तर माझ्या मालिकेत उरतं काय? एक सून, जी सारखी दार उघडते, आणि एक जाऊ, जी सारखी दाराआड उभी असते.

खरी अडचण तीही नाही. गोदाक्का म्हणजे आमची अक्का, हे सावद्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कोकिळाअक्का, माझी थोरली काकू. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. तिचं बसणं, बोलणं, भांडणं सगळं मी उचललं. सुनंदाबाई तर आधी तिच्याकडे जाऊन राहिल्या आणि तिचं फुली फिरवणं शिकून आल्या. खोटं बोलायचं असलं की अक्का नाकातली फुली बोटाने फिरवते. काका गेले तेव्हा बायकांनी ती काढायला सांगितली, हिने काढली नाही. तो प्रसंगसुद्धा मी वापरला आणि त्या आठवड्यात टीआरपी वर गेला. चॅनलची एकच तक्रार होती, खानदेशी बाई 'आहे'ला 'शे' का म्हणत नाही. आमच्या सावद्याकडे 'शे' म्हणत नाहीत हे सांगून सांगून मी थकले. शेवटी गोदाक्का 'शे' म्हणू लागली आणि अक्काने फोन करून मला झापलं, की तू धुळ्याची कधी झालीस.

आता तिला हे कोण सांगणार? अमृत म्हणाला, तूच. माझा नवरा गणिताचा मास्तर आहे, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर असतं.

७ सप्टेंबर, रविवार

सावद्याला जाऊन आले. ग्रहणाच्या आत घरी पोचायचं म्हणून सकाळीच निघाले होते. माझा चुलतभाऊ कुंदन केळीची गाडी भरून घेत होता. नेहमी माझी टर उडवतो, आज नुसतं "ये ताई" म्हणाला. अक्का ओट्यावर बसलेली. एरवी मी दिसले की उठून चहा टाकते. आज बसल्या जागेवरून सुनेला हाक मारली. मला वाटलं, बातमी आधीच पोचली. सुनंदाबाई आणि ती फोनवर असतातच. म्हणजे बाई रुसलेली आहे.

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कशानं मरते?"

चॅनलला हार्टअटॅक हवाय, मग दवाखाना, असं म्हटलं.

"दवाखान्यात नको नेऊ तिले," अक्का म्हणाली. मग थोड्या वेळाने, "छाती उघडतात ते दाखवतात का व?"

मी हसले. म्हटलं, रात्री आठला लोक जेवायला बसलेले असतात, तसलं काही दाखवत नाहीत. पण तिचं समाधान झालं नाही. भूल देतात तेव्हा माणसाला काही कळतं का, नंतर जागच आली नाही तर घरच्यांना कोण सांगतं, असलं काय काय विचारत राहिली. माझ्या पटकथेत अक्काने इतका रस कधी घेतला नव्हता. मला बरं वाटलं, थोडा वैतागही आला. ज्याला त्याला मालिका माझ्याहून चांगली लिहिता येते.

बोलताना धाप लागत होती. काय होतंय विचारलं तर म्हणाली, ऊन लागलं, आणि फुली फिरवत बसली. आभाळ भरून आलेलं, उन्हाचा पत्ता नाही. फुली फिरवताना तिची करंगळी वर उठते हे आजच लक्षात आलं. सुनंदाबाईंना सांगायला हवं, राहिलेल्या भागांत तरी तसं करा.

निघताना वेफर्सचं पुडकं दिलं नाही, जे ती कधी चुकवत नाही. रुसलीच आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

सून दार उघडते, असं आज पुन्हा लिहिलं. दाराला तोंड असतं तर त्याने मला शिव्या दिल्या असत्या.

दुपारी कुंदनचा फोन. अमृतच्या थोरल्या भावाचं ऑपरेशन जळगावात कुठे केलं होतं, डॉक्टर कसा आहे, विचारत होता. कोणाला दाखवायचंय विचारलं तर म्हणाला, आहे एक ओळखीचं. कुंदनच्या ओळखी फार. नंबर दिला.

मग म्हणाला, आईला काल कावळा शिवला. काकांच्या पित्तराचा घास ठेवायला मागल्या अंगणात गेली होती, तर एक कावळा थेट डोक्यावरच येऊन बसला. तेव्हापासून नीट जेवत नाही. मी म्हटलं, कावळ्याला घास आवडला नसेल, मीठ कमी पडलं असेल. तो हसला नाही.

फोन ठेवला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे जुनी समजूत आहे. कावळा डोक्याला शिवला की ते त्या माणसाच्या मरणाचं लक्षण. त्यावर तोड एकच, तो माणूस मेल्याची खोटी बातमी नातलगांना धाडायची. ते खरं मानून रडले, की मरण रडून घेतलं गेलं, आलं तसं परत जातं. मग दुसऱ्या दिवशी खरं कळवायचं. आमच्या आजीच्या वेळी नागपूरच्या आत्याला तार गेली होती. आत्या रडत रडत सावद्याला पोचली आणि दार उघडलं ते आजीनेच. आत्याने वर्षभर अबोला धरला होता.

गोदाक्काला कावळा शिवेल. घरचे खोटी बातमी पाठवतील. गोकुळासारख्या घरातली सगळी माणसं रडत येतील, जाऊसुद्धा दाराआडून बाहेर येऊन रडेल, आणि गोदाक्का सुनंदाबाईंसारखीच पुण्याच्या नातीकडे सुखरूप निघून जाईल. कोणाला मारायला नको. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी लिहिताना जेवायचं विसरले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पुनमने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "ताई, किती गोड आहे. पण अंधश्रद्धा होते ना." मी म्हटलं, मग त्यात अंधश्रद्धा आहे असं कोणाच्या तरी तोंडी घालते. तर म्हणाली, जुन्या भागांवरून मरणाचा प्रोमो कापायला गेलाय.

प्रोमो गेला म्हणजे झालंच. तारीखही कळली, नऊ ऑक्टोबर.

संध्याकाळी अक्काला फोन करून सगळी कथा सांगितली. तुझाच कावळा घेऊन गेले होते, पण चॅनलने हाकलला, असं म्हटलं. वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, "म्हणजे तिले खरंच मारणार. सारा महाराष्ट्र पाह्यते का व तुही सिरीयल?"

पाहतो म्हटलं. थोडं वाढवून सांगितलं.

"मंग मार. पण नीट मार. लोक रडले पाह्यजेत. उगं दोन टिपं नको."

मी थक्क झाले. आठ-दहा दिवस रुसलेली बाई एकदम माझ्या बाजूची झाली. कलावंताला घरच्यांनी समजून घ्यावं लागतं, आणि अक्काने ते या वयात घेतलं.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

मरण लिहायला घेतलं. दवाखाना काढून टाकला, पुनमशी भांडून. अंगणात खाट, खाटेवर गोदाक्का, पायाशी सून. सून म्हणते, अक्का, आज दार तुम्ही उघडा ना. बरं झालंय. वाचून अमृत चष्मा पुसत आत गेला. मला मात्र काहीच झालं नाही. कुठल्या वाक्यावर बासरी येणार हे आधीच माहीत असलं की रडू येत नाही.

सुनंदाबाईंचा फोन आला होता. त्यांना अक्काने कळवलंय म्हणे, की जीव ओतून मरा. सुनंदाबाई म्हणाल्या, "नूतन, तू सावद्याला जाऊन ये एकदा." मी म्हटलं, आत्ता भाग वेळेत द्यायचेत, दिवाळीला जाईनच. त्या म्हणाल्या, बघ बाई. त्यांचा आवाज बसलेला वाटला. मालिका सोडताना वाईट वाटतच असणार.

३० सप्टेंबर, मंगळवार

सीन चित्रित झाला. कॅमेऱ्यामागची माणसंसुद्धा रडली, असं पुनमने कळवलं आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. सुनंदाबाईंनी एकदा ओके झालेला सीन स्वतःहून पुन्हा दिला म्हणे. गुडघे दुखत असताना.

मी कोरडीच.

९ ऑक्टोबर, गुरुवार. धुळे

कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून कालपासून इथे. मुलं छान करतात, ओरडतात फार. चहाला सगळे एकच विचारतात, ताई नवीन नाटक कधी? पुढच्या वर्षी, असं मी सांगते. मालिका लागल्यापासून दर वर्षी हेच सांगते.

माझी पहिली एकांकिका याच गावात झाली होती. शेवटी नायिका प्रेक्षकांकडे वळून विचारते, माझं काय चुकलं? पुढे मोठी शांतता लिहिलेली. त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून अक्का म्हणाली, "काही नाही चुकलं व माय, बस खाली, दमली तू." सगळं सभागृह हसलं आणि नायिका खरंच खाली बसली. आमचं बक्षीस गेलं. मी अक्काशी रडून रडून भांडले. ती म्हणत राहिली, तिनं विचारलं म्हणून मी सांगितलं.

आज आठला लॉजच्या खालच्या हॉलमध्ये टीव्ही लावला होता. लॉजच्या मालकीणबाई, दोन पोळ्यावाल्या आणि लग्नाची खरेदी करायला आलेलं एक कुटुंब. खाटेचा सीन सुरू झाला आणि पोळ्यावाल्या पदर तोंडाला लावून हमसायला लागल्या. मालकीणबाई टीव्हीलाच म्हणाल्या, जाऊ नको गं बाई. मी मागे उभी राहून बासरी अंमळ लवकर आली का ते बघत होते.

भाग संपला आणि लगेच अक्काचा फोन. म्हटलं, आता म्हणेल चांगलं लिहिलं.

"तू रडली का?"

मी म्हटलं, अगं, मी लिहिणारी. मला आतलं सगळं माहीत असतं, मला कसं रडू येईल? पण इथे सगळे रडले, तुझ्या मनासारखं झालं.

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. चांगलं, वाईट, काही नाही. मला फार लागलं ते. माझ्यापुरतं इथे लिहून ठेवते, चॅनलच्या कौतुकापेक्षा मला तिचं एक वाक्य हवं होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. जळगाव

सकाळी कुंदनचा फोन. "ताई, आईला ॲडमिट केलंय. उद्या बायपास आहे." मग स्वतःच घाईघाईने, "तिनं शपथ घातली होती. आज मोडली मी."

स्पर्धेच्या लोकांना काय सांगितलं आठवत नाही. एरंडोलपर्यंत एसटीत उभी होते. तिथे जागा मिळाली तेव्हा एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. ओट्यावरून न उठणं. धाप. छाती उघडतात का व. भूल दिली की कळतं का. मी ते सगळं ऐकलं होतं आणि पटकथेवरच्या सूचना म्हणून सोडून दिलं होतं.

खोलीत अक्का हिरव्या झग्यात पलंगावर बसलेली. तिला मी लुगड्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. मला बघून ती कुंदनकडे रागाने बघायला लागली. मी आल्या आल्या तोंड सोडलं, की मला का नाही सांगितलं, मी कोण परकी आहे का, गल्लीतल्या बायकांना माहीत आणि मला नाही.

"तुले सांगितलं असतं तर सोमवारी टीव्हीवर दिसलं असतं," अक्का म्हणाली.

तिला ते बोलून वाईट वाटलं असावं. लगेच म्हणाली, मले काही भीती नाही, आजकाल रोज करतात हे. म्हणताना बोट नाकाकडे गेलं. करंगळी वर उठली. फुली नव्हती. ऑपरेशनसाठी काढायला लावली होती, कुंदनच्या खिशात होती. बोट त्या रिकाम्या नाकपुडीवर फिरत राहिलं, काय शोधतंय ते विसरल्यासारखं.

आणि मला रडू फुटलं. माझ्या मालिकेत कोणी रडत नाही तशी मी रडले, तोंड वेडंवाकडं करून, नाक गळत, पलंगाची दांडी धरून. आई गेली तेव्हा मी लहान होते, त्यानंतर अशी रडले नव्हते. नर्स आत आली आणि पेशंटसमोर असं करू नका म्हणून रागावली. कुंदन मला बाहेर न्यायला लागला.

अक्काने त्याला थांबवलं. तिने मला जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. नुसती बघत राहिली. माझं पुरतं रडून होऊ दिलं. मग उशीला टेकली.

"हं. आते झालं."

काय झालं, कुंदनने विचारलं.

"कावळ्याचं," अक्का म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. पित्तराच्या दिवशी कावळा शिवला तेव्हा डॉक्टरने आधीच ऑपरेशन सांगितलेलं होतं. बातमी धाडावी तर आता कोणाला धाडणार? सगळ्यांच्या हातात फोन, मेलेलं माणूस दहा मिनिटांत जिवंत होतं. मी तिला कावळ्याची गोष्ट सांगितली, चॅनलला ती नको हेही सांगितलं, आणि तिला वाटलं, असं का होईना, हिच्या हातून आपलं मरण रडून घेतलं जाईल. म्हणून ऑपरेशनची तारीख नऊ ऑक्टोबरच्या पुढे ढकलायला लावली. डॉक्टरला सांगितलं, घरात कार्य आहे.

"सारे रडले व. तीन गावाहून फोन आले. पण ते गोदाक्काले रडले. माह्यासाठी कोण रडलं? घरचं पाह्यजे होतं. म्हणून तुले विचारलं काल."

मी म्हटलं, पण अक्का, मी तर तू जिवंत आहेस हे बघून रडले. हे चालतं का?

"कावळ्याले काय कळते?" अक्का म्हणाली, आणि कुंदनकडे पाणी मागितलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

आत नेलं. जाताना ती माझ्याकडे बघून हसली. तिला खरंच भीती वाटत नव्हती. आता सगळी मला वाटतेय.

कुंदन बाकावर बसलाय, एक हात खिशात, मूठ सोडत नाही. अमृत चहा आणून देतो, कोणी पीत नाही. सुनंदाबाईंचा फोन आला. त्यांना सगळं ठाऊक होतं. म्हणाल्या, म्हणून तर सीन पुन्हा दिला, पहिल्यात मी नीट मेले नव्हते.

समोर एक बाई बसली होती, तिचा नवरा आत आहे. वेळ जावा म्हणून बोलायला लागली. परवा टीव्हीवर ती गोदाक्का गेली, म्हणाली, तेव्हापासून मनाला चैन नाही, घरातलंच कोणी गेल्यासारखं वाटतं. मी तिचा हात धरला. मी कोण ते सांगितलं नाही.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. झालं म्हणाले, पण अजून जाग आलेली नाही, वाट बघू.

एवढंच लिहवतंय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज साध्या खोलीत आणलं. परवा जाग आली होती पण तोंडात नळी होती. आज नळी नाही. आवाज बारीक, पण अक्काचाच. कुंदनने फुली तिच्या तळहातावर ठेवली. नर्स नको म्हणत होती, तरी सुनेकडून घालून घेतली. मग मला जवळ बोलावून विचारलं, "दहावं कोण करते?"

मला आधी कळलंच नाही. गोदाक्काचं, म्हणाली. मी सांगितलं की दहावं-बारावं काही दाखवणार नाहीत. सोमवारपासून मालिका तीन महिने पुढे जाते, त्याला लीप म्हणतात. अक्काला हे मुळीच आवडलं नाही. माणूस गेलं आणि पिंडाला कोणी नाही, हे काय घर आहे का, म्हणाली. दम लागला तशी थांबली, पण बोलून घेतलं.

जरा वेळ डोळे मिटून पडली. झोपली समजून मी उठले, तर डोळे न उघडता म्हणाली, "हे सारं तू सिरीयलमध्ये टाकू नको."

नाही टाकणार म्हटलं. मनातसुद्धा आलं नाही, म्हटलं. माझ्या नाकात फुली नाही, कधी नव्हती, तरी माझं बोट नाकाकडे गेलेलं तिने एक डोळा उघडून बघितलं.

"नाटकात टाक," अक्का म्हणाली. "तिथं मले मधे बोलता येते."